यरीहोचे पाणी आणि कुकटपल्लीचा नाला

शास्त्रपाठ : २ राजे २:१९-२२



अलीशा संदेष्ट्याच्या सेवेच्या अगदी आरंभी हा प्रसंग घडला. एलीया स्वर्गास घेतला गेला होता. त्याचा झगा घेऊन अलीशा यार्देनेच्या पलीकडून परतला व यरीहोत राहिला. तेथे गावची माणसे त्याच्याकडे आली. त्यांना भविष्य विचारायचे नव्हते, की कोणी आजारी आहे म्हणून प्रार्थना करा असेही त्यांचे मागणे नव्हते. त्यांनी त्याला आपल्या गावच्या पाण्याची हकिकत सांगितली. गावाची जागा चांगली आहे हे त्याला दिसतच होते, आणि तसे त्यांनी म्हटलेही. पण पाणी वाईट आहे आणि जमिनीला फळ धरत नाही, असे त्यांचे सांगणे होते.

एवढ्या थोड्या शब्दांत त्यांनी चांगले काय, बिघडले काय आणि त्या बिघाडाचा परिणाम काय, हे सारे सांगून टाकले. मूळ इब्री भाषेत जमिनीविषयी जो शब्द आहे त्याचा अर्थ केवळ नापीक एवढाच नाही. पोटचे मूल गमावणे, गर्भ न टिकणे, असा भाव त्यात आहे. यरीहोच्या लोकांच्या तोंडी तो शब्द यावा यात नवल नाही. हे गाव कसे उभे राहिले ते त्यांना ठाऊक होते. यहोशवाने त्याविषयी शाप उच्चारला होता (यहोशवा ६:२६). पुढे अहाब राजाच्या काळात हीएल बेथेलकराने ते पुन्हा बांधले, तेव्हा पाया घालताना त्याचा थोरला मुलगा गेला व वेशी उभारताना धाकटा (१ राजे १६:३४). गाव वसले, पण त्याची किंमत मुलांनी दिली.

हा शास्त्रभाग वाचताना हैदराबादेतील कुकटपल्ली डोळ्यांपुढे येते. नांदेड, लातूर, उदगीर, उमरगा या भागांतून पोटापाण्यासाठी हैदराबादेस गेलेल्या माणसांना हे नाव नवे नाही. मुंबईहून येणारा हमरस्ता कुकटपल्लीवरूनच शहरात शिरतो. जागा चांगली आहे हे तेथे कोणीही सांगेल. १९७२ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठाचे आवार तेथे आहे. हाउसिंग बोर्डाची विस्तीर्ण वसाहत आहे. नोव्हेंबर २०१७ पासून मेट्रो गाडी धावते. शेजारच्या बाळानगर, सनतनगर, जीडीमेटला या भागांत कारखाने आहेत, आणि त्यांच्या भाकरीवर अनेक घरांतली मुले शिकून मोठी झाली आहेत. हे उपकार विसरून चालणार नाही. यरीहोच्या माणसांनीही आधी जागेचे चांगलेपण सांगितले, मग पाण्याविषयी तोंड उघडले.

पाण्याची गोष्ट मात्र दुःखाची आहे. कुकटपल्लीच्या बाजूने निघणारा नाला मुसापेट, फतेहनगर, सनतनगर, बेगमपेट असा वाहत हुसेनसागरास मिळतो. हा तलाव इब्राहीम कुतुबशाहाच्या कारकिर्दीत १५६२ साली बांधला गेला आणि हुसेन शाह वली यांचे नाव त्याला पडले. १९०८ साली मुसी नदीला महापूर आला, त्यानंतर उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय झाले. त्याआधी हुसेनसागराचे पाणी शहर वापरीत असे. अशा तलावाला येऊन मिळणाऱ्या नाल्यांत कुकटपल्लीचा नाला सर्वांत मोठा. घरांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी ही दोन्ही त्याने वर्षानुवर्षे तलावात आणून ओतली. २००६ साली जपानकडून कर्ज घेऊन तलावाच्या सुधारणेची मोठी योजना हाती घेण्यात आली. नाल्यांचे पाणी तोंडाशी अडवून शुद्धीकरणाकडे वळवण्याची कामे झाली. पण मोठा पाऊस आला की अडवलेले पाणी बांध ओलांडतेच. ऑगस्ट २००० मधील पुरात बेगमपेटची घरे पाण्यात गेली, ती याच नाल्याच्या काठची. त्यानंतर किर्लोस्कर सल्लागारांनी शहरातील नाल्यांची पाहणी केली, नाले रुंद करावेत असा अहवाल २००३ मध्ये दिला, आणि पुढे ऑक्टोबर २०२० चा महापूर आला तेव्हा वर्तमानपत्रांना त्या अहवालाची पुन्हा आठवण झाली. अहवाल लिहिला गेला एवढ्याने पाणी उतरत नाही.

आता आपल्या घरांतील तरुण मुलामुलींकडे वळू. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना पर्यावरणाच्या विषयात गटाने मिळून एक प्रकल्प करावा लागतो, हे पुष्कळ आईबापांना माहीत असेल. याची सुरुवात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ सालच्या एका निर्णयापासून झाली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर न्यायालयाने शिक्षणात पर्यावरणाचा विषय सक्तीचा करावा असे सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष बाहेर जाऊन केलेल्या कामाला ठेवले होते, आणि त्या कामात आपल्या भागातील एखादी दूषित जागा पाहून तिची नोंद करणे हेही होते.

कल्पना उत्तम. व्यवहारात काय होते तेही आपण जाणतो. पाच जणांचा गट ठरतो. त्यातला एक लिहितो, एक छापून आणतो, उरलेल्यांची नावे मुखपृष्ठावर येतात. मागच्या वर्षाची वही कोणाकडे तरी असते. नाल्यावर कोणी गेलेलेच नसते, आणि वहीत मात्र पाण्याचे आकडे दशांशचिन्हासह लिहिलेले असतात! शिक्षकांना ते कळते, पण त्यांच्यापुढे शंभर वह्यांचा ढीग असतो. मुलांना गुण मिळतात, आईबाप समाधान पावतात.

बंधुभगिनींनो, याकडे आपण शाळकरी खोडी म्हणून पाहू नये असे मला वाटते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. न पाहिलेल्या पाण्याचा आकडा लिहिणे ही नाल्याकाठच्या शेजाऱ्याविषयी दिलेली खोटी साक्ष आहे. आकडा बरा लिहिला तर त्याचे दुःख लपते, आणि वाईट लिहिला तर कोणा निरपराध्यावर ठपका येऊ शकतो. खरा आकडा काय आहे हे जाऊन पाहण्याचे कष्ट टाळले, एवढेच दोन्हींत सारखे.

हे कष्ट कसले असतात ते थोडे सांगतो, कारण त्यात पुष्कळ शिकण्यासारखे आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती आहे यावर त्या पाण्यात मासे जगतील की नाही हे ठरते. आंघोळीस योग्य अशा पाण्यात तो लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम असावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाण आहे. तो मोजण्याची जुनी रीत अशी. काचेची बाटली पाण्याखाली धरून, आत हवेचा बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भरतात. तिच्यात मॅंगनीजच्या क्षाराचे व नंतर अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण सोडतात, बूच लावतात आणि बाटली उलटसुलट करतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. एरवी पांढऱ्या रंगाला आपण शुद्धतेची खूण मानतो. येथे तो पाणी मेलेले असल्याची खूण आहे. चुना लावलेल्या कबरांविषयी प्रभूने जे म्हटले (मत्तय २३:२७) ते कोणाला आठवल्यावाचून राहणार नाही.

आणखी एक गोष्ट. ही द्रावणे काठावरच घालावी लागतात. पाणी बाटलीत भरून दोन तासांनी प्रयोगशाळेत नेले तर आतले जंतू वाटेतच प्राणवायू खाऊन टाकतात आणि आकडा खोटा ठरतो. म्हणजे नाकाला रुमाल लावून नाल्याशी उभे राहिल्यावाचून खरे उत्तर मिळत नाही. एकाच ठिकाणी मोजूनही भागत नाही. वरच्या बाजूस मोजायचे, एखादी मोरी येऊन मिळते तिच्या खाली मोजायचे, दोहोंतला फरक पाहायचा, आणि जेथे फरक दिसेल तेथून वर चालत जायचे.

अलीशानेही तेच केले. लोकांनी पाण्याविषयी सांगितल्यावर तो त्यांच्या घरांतील घागरींपाशी गेला नाही. घागरींत मीठ टाकले असते तर त्या दिवसाचे पाणी गोड झाले असते, दुसऱ्या दिवशीचे नाही. वचन सांगते की तो झऱ्याच्या उगमाकडे बाहेर गेला. यरीहोजवळचा तो झरा आजही वाहतो आणि लोक त्याला अलीशाचाच झरा म्हणतात.

नाल्याच्या काठाने वर चालत जाणे धोक्याचे असते, आणि हा धोका केवळ दुर्गंधीचा नाही. समजा, गटातील एका मुलीचे वडील वरच्या बाजूच्या एका कारखान्यात तीस वर्षे कामाला आहेत. त्यांच्याच पगारावर तिची फी भरली जाते. चालता चालता गट ज्या नळाशी येऊन थांबतो तो त्याच कारखान्याच्या भिंतीतून बाहेर आलेला आहे. आता तिने घरी जाऊन काय बोलावे? "बाबा, तुमच्या कंपनीच्या मागे पाण्याचा रंग वेगळा आहे," असे म्हणायचे की बाटलीवरची चिठ्ठी बदलून टाकायची? आणि त्या बापाने तरी काय उत्तर द्यावे? मंडळीतील कितीतरी घरांत हा प्रश्न उभा राहू शकतो.

पवित्र शास्त्रात गटाने केलेल्या पाहणीचे फार मोठे उदाहरण आहे, ते गणना या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात. मोशेने प्रत्येक वंशातून एक असे बारा पुरुष निवडले आणि कनान देश पाहायला पाठवले. त्यांना त्याने प्रश्नावलीच दिली होती. माणसे थोडी की पुष्कळ, जमीन कसदार की निकस, झाडी आहे की नाही, हे सारे पाहून यावे आणि तेथली फळेही आणावीत. चाळीस दिवस ते हिंडले. द्राक्षांचा घोस दोघांनी काठीवर वाहून आणला. पाहिलेल्या गोष्टींविषयी त्यांच्यात वाद नव्हता. देश सुपीक आहे, नगरे तटबंद आहेत, माणसे धिप्पाड आहेत, हे सर्वांनीच सांगितले. फरक पडला तो यापुढे आपण काय करायचे यात. दहा जण भ्याले आणि भीतीपोटी देशाविषयी वाईट बातमी पसरवू लागले. यहोशवा व कालेब हे दोघेच देवावर भिस्त ठेवून पुढे जाऊ म्हणाले, तेव्हा मंडळीने त्यांना दगडमार करण्याचे बोलणे काढले (गणना १४:१०). दगड उचलायला निघालेले लोक परके नव्हते, ते त्यांचेच भाऊबंद होते.

कुकटपल्लीहून हमरस्त्याने पश्चिमेकडे गेले की पटनचेरू लागते. तेथे औषधांचे व रसायनांचे कारखाने आले, तळी व विहिरी बिघडल्या, आणि डॉ. ए. किशन राव हे तेथले साधे दवाखाना चालवणारे डॉक्टर आपल्या रोग्यांचे हाल पाहून १९८० च्या दशकापासून त्याविरुद्ध उभे राहिले. पुढे स्वीडनच्या संशोधकांनी तेथील सामायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे, म्हणजे शुद्ध केलेले म्हणून सोडलेले, पाणी तपासले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. ते औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तात जितके असते त्याहून हे अधिक. औषध नाल्यात वाहिले म्हणजे जंतू त्याला सरावतात, आणि मग खरोखरी आजारी पडलेल्या लेकराला तेच औषध लागू पडेनासे होते. यहेज्केल संदेष्ट्याने धष्टपुष्ट मेंढरांना धारेवर धरले आहे, ते स्वतः निर्मळ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ करतात म्हणून (यहेज्केल ३४:१८-१९). खाली उभ्या असलेल्या मेंढरांना तेच प्यावे लागते.

पण उगमाचा शोध कारखान्यापाशी संपत नाही. येथे मला एका गोष्टीचा खेद वाटतो. नाल्याच्या काठी पत्र्याच्या घरांत राहणाऱ्या गरिबांमुळे नाला घाण झाला, असा निष्कर्ष काढणे फार सोपे असते, आणि गटाची वही बहुधा तेथेच बंद होते. थोडा हिशोब करून पाहू. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असे सरकारी प्रमाण आहे. सार्वजनिक नळावर भरणाऱ्यांसाठी ते ४० लिटर आहे. दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे इंजिनियर धरतात. तेव्हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चौघांच्या घरातून रोज ४३२ लिटर सांडपाणी निघते, आणि नळावर घागरी भरणाऱ्या चौघांच्या घरातून १२८ लिटर. गरिबाचे सांडपाणी उघड्यावरून वाहते म्हणून डोळ्यांना दिसते. आपले फरशीखालच्या नळातून जाते. तो नळ पुढे शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचतो की मध्येच कोठे नाल्याला लागतो, हे आपल्या इमारतीतील किती जणांनी विचारले आहे? संडासाची टाकी उपसणारा टँकर कोठे जाऊन रिकामा होतो, हे पैसे देताना कोणी विचारले आहे?

मुलांच्या पाहणीला कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांसाठी एक खरी घटना सांगतो. १९७९ साली दिल्लीतील शाळाकॉलेजच्या मुलांनी तेथली डोंगररांग वाचवण्यासाठी कल्पवृक्ष नावाचा गट काढला. १९८३ साली त्या गटातील आणि हिंदू कॉलेजच्या निसर्गमंडळातील विद्यार्थी नर्मदेच्या खोऱ्यात गेले. धरणांनी तेथे काय होणार हे पाहण्यासाठी सुमारे पन्नास दिवस ते पायी, बसने, होडीने हिंडले, गावकऱ्यांशी बोलले. त्यांचा अभ्यास १९८४ साली एका मान्यवर इंग्रजी साप्ताहिकात छापून आला. नर्मदेवरील धरणांचा विचार माणसे व जंगल यांच्या बाजूने करणारे जे पहिले लिखाण झाले त्यात त्याची गणना होते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आपल्या महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावे आली. धरण थांबले नाही. पण त्या गावांची दखल घेतल्यावाचून धरणाविषयी बोलता येईनासे झाले. अशा कामाला त्या विद्यार्थ्यांचाही हात लागला होता, आणि त्यांतील काही जण पुढे जन्मभर त्याच कामात राहिले.

आता पुन्हा यरीहोकडे येऊ. अलीशाने लोकांना एक नवे पात्र व मीठ आणायला सांगितले, आणि त्यांनी ते आणून दिले. बरे करण्याचे काम देवाचे, तसे अलीशा स्पष्ट सांगतो. मीठ मात्र गावातल्या घरांतून आले, रोजच्या स्वयंपाकातले. देवाला ते गावकऱ्यांच्या हातून हवे होते.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे की मुलांच्या प्रकल्पाला किती गुण पडले एवढेच विचारू नये. नाल्यावर कोण कोण गेले होते, साका कोणत्या रंगाचा बसला, हेही विचारावे. बाटली घेऊन जाणाऱ्या मुलांसोबत एखाद्या शनिवारी मंडळीतला कोणी जाणता माणूस गेला तर मुलांना धीर येईल. पाय घसरण्याच्या जागा असतात, आणि काही ठिकाणी हटकणारेही भेटतात. पावसाळ्यात मात्र कोणीही काठाशी जाऊ नये. तरुण संघाने पर्यावरण दिनाच्या जवळच्या रविवारी अशा गटाला आपला अहवाल मंडळीपुढे वाचायला बोलवावे, गट ख्रिस्ती मुलांचा असो वा नसो. वडीलमंडळींपैकी जे कारखान्यांत कामाला आहेत त्यांनी तो बसून ऐकावा. त्यांना कारखान्याच्या आतले जे माहीत असते ते मुलांना कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. उपासनामंदिराच्या आवारातील मोरी कोठे जाते हेही त्याच दिवशी पाहून घ्यावे.

गटाने काढलेले आकडे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. हुसेनसागराचे पाणी मंडळ नियमित तपासते. एखाद्या कारखान्याला किती व कसले सांडपाणी सोडण्याची परवानगी दिली आहे हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. त्याला दहा रुपयांची फी पुरते. अर्ज साध्या कागदावर चालतो, पण तो गटाच्या नावाने न करता एका नागरिकाने आपल्या नावाने व सहीने करावा लागतो. तेव्हा पाचांपैकी सही कोण करणार हे मुलांनी आधी बसून ठरवावे, आणि सही करणाऱ्याच्या घरच्यांना ते त्याच संध्याकाळी सांगावे.